डावा पाय

जिल्हा परिषदेच्या मैदानावर हिरवा मांडव,
हिरव्या टोप्या, हिरव्या फिती,
फॉर्म भरणाऱ्याला कढीपत्त्याचं एक रोप फुकट.
मांडवामागं डिझेलचा जनरेटर धडधडतोय,
त्याच्यावरच चार्ज होतायत
धूर न सोडणाऱ्या सगळ्या गाड्या.
मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

टोकन सत्तेचाळीस.
नाव : मंदाकिनी शेडगे. वय : चोपन्न.
व्यवसायाच्या रकान्यात
पेन जरा थांबलं, मग नुसती रेघ मारली.

पोरगा तेवीस-चोवीसचा, बिल्ल्यावर अरमान मुलाणी.
"मॅडम, याआधी गाडी चालवलीय का कधी?"
"थोडीफार," म्हटलं.

एकोणीस वर्षं मी डाव्या सीटवर बसते.
माझ्या पायांपाशी जास्तीचा ब्रेक, जास्तीचा क्लच,
डोक्यावर छताला आमच्या स्कूलची पाटी.
या गावाला मी चढावर थांबायला शिकवलं :
बँकेतल्या कॅशियरला, लग्न ठरलेल्या मुलींना,
एकसष्टी झालेल्या त्या मास्तरांना,
जे गाडी मागं घसरायला लागल्यावर
स्टिअरिंग सोडून हात जोडून बसले.
"क्लच हळू सोडा. अजून हळू.
गाडी अंगात आल्यासारखी थरथरेल,
नाक जरा वर करील,
तिथंच पाय धरून ठेवा.
तेवढी एक जागा सापडली
की सगळा सातारा तुमचा."

ती जागा दाखवता येत नाही.
पुरणात उलथनं उभं राहिलं
की हाताला समजतं ना, तसं
तळव्यालाच समजावं लागतं.

या गाडीत क्लच नाही.
गिअरचा दांडा नाही, चावीसुद्धा नाही.
बटण दाबलं. काहीच झालं नाही.
"चालू झालीय, मॅडम," अरमान म्हणाला,
"डाव्या पायाला आता सुट्टी."

पोवई नाक्यावरून वर, राजवाड्याकडं.
इतकी गप्प गाडी
की हातगाडीवरच्या तागडीत
वाटाणे पडलेले ऐकू आले,
माझीच बांगडी स्टिअरिंगला घासलेली.
माणसं वाटेतून सरकेनात,
आपण आलोय हे रस्त्याला कळतच नव्हतं.

तिरक्या नजरेनं त्याच्या पायांकडं बघितलं.
ब्रेक नाही. क्लच नाही.
नुसतं रबरी मॅट, त्यावर पांढरे बूट,
एकावर एक टाकलेले.
शीळही घालत होता.
एवढा भरवसा मी एकोणीस वर्षांत
एकाही शिकाऊवर टाकला नव्हता.

बोगद्याकडच्या चढावर, माझ्या नेहमीच्या खांबापाशी
मी गाडी थांबवली.
"काय झालं, मॅडम?"
"काही नाही. बघतेय."
ब्रेकवरचा पाय उचलला.
गाडी मागं आली नाही,
बोटभरसुद्धा नाही.
डावा पाय मात्र आपणहून खाली गेला,
मोकळ्या जागेत चाचपडला,
आणि अंधारात जिन्याची एक पायरी
जास्तीची धरावी तसा
दचकला.

मागून एसटीनं हॉर्न दिला.

परत आल्यावर अभिप्रायाचा कागद.
सगळ्यात जास्त काय वेगळं वाटलं?
मी लिहिलं : डाव्या पायाला काम नाही.
अरमाननं वाचलं, खूश झाला,
"सगळे हेच म्हणतात," म्हणाला,
आणि रोप देताना दोन दिली.

एक जनरेटरवाल्याला देऊन आले.
दुसरं, पाचच्या बॅचला जुन्या गाडीत
माझ्या पायाशी ठेवलं,
पिशवी क्लचला टेकवून.
प्रज्वला घोरपडे, दिवस चौथा.
त्याच खांबापाशी तीनदा बंद पाडली,
तीनदा माझ्याकडं बघितलं.
मी पाय सीटखाली ओढून घेतले,
एकावर एक.

चौथ्यांदा
कढीपत्त्याची पानं थरथरली.

"हां," म्हटलं, "हीच ती.
धरून ठेव."